मॉरिस मायनर १००० : मागच्या ॲक्सलची तेलगळती आणि हबचे सील

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : गाडी १९५९ सालची मॉरिस मायनर १००० आहे, उजव्या मागच्या चाकातून तेल झिरपते, त्या बाजूचा ब्रेक नीट धरत नाही, गॅरेजमध्ये सील (तेल अडवणारी रबरी कडी) दोनदा बदलूनही काही आठवड्यांत गळती पुन्हा सुरू झाली, तेव्हा इंग्लंडहून सील मागवावे का आणि हे काम घरच्या घरी करता येईल का, असे आपण विचारले आहे.

काम घरी करता येते. त्यासाठी चांगला हब-पुलर (चाक ज्यावर बसते तो हब ओढून काढण्याचे साधन), दोन भक्कम घोड्या (उचललेल्या गाडीखाली ठेवायचे आधार) आणि एक मोकळा दिवस लागतो. मात्र सील मागवण्याआधी थांबावे, असे मी सुचवेन. एकाच चाकावर लागोपाठ दोन नवी सील निकामी होतात तेव्हा दोष सीलचा असण्याचा संभव फार थोडा असतो. या ॲक्सलमध्ये सील टिकायचे असेल तर ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जाण्याचे छिद्र, उघडा असावा लागतो, तेलाची पातळी योग्य असावी लागते, हबचे बेअरिंग घट्ट धरलेले असावे लागते आणि सीलची ओठी ज्या पृष्ठभागावर घासते तो गुळगुळीत असावा लागतो. यांतील एकही गोष्ट बिघडलेली राहिली, तर सील इंग्लंडचे असो वा पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातले, ते गळणारच.

आधी रचना समजून घेऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक मिस्त्रींचा हात प्रीमियर पद्मिनीवर बसलेला असतो आणि तिथली सवय इथे उपयोगी पडत नाही. पद्मिनीत ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढला की त्याच्यावर बसवलेले बेअरिंगही सोबत येते. मायनरचा ॲक्सल ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘ए’ मालिकेतील बॅन्जो पद्धतीचा, म्हणजे मध्ये गोल फुगीर घर आणि दोन्ही बाजूंना नळ्या असलेला, आहे. ऑस्टिन ए-३५ आणि ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाड्यांतही हीच रचना आढळते. तिला थ्री-क्वार्टर फ्लोटिंग म्हणतात. ॲक्सलच्या नळीच्या टोकावर बेअरिंगची आतली रिंग बसते, बाहेरच्या रिंगवर हब फिरतो, आणि शाफ्ट आतून येऊन आपल्या फ्लॅंजने (टोकाच्या चपट्या तबकडीने) हबच्या तोंडावर झाकणासारखा बसतो. गाडीचे वजन नळी आणि बेअरिंग पेलतात. शाफ्टकडे मुख्यतः चाक फिरवण्याचे काम असते. बेअरिंगला वेगळे ग्रीस नसते. डिफरन्शियलमधले (ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या दातेरी चाकांच्या संचातले) तेल नळीतून वाहत येऊन त्याला भिजवते. म्हणजे हबमध्ये तेल असणे हा दोष नाही, ते तिथे असायलाच हवे. ते ब्रेकमध्ये जाऊ नये म्हणून दोन ठिकाणी बंदोबस्त केलेला आहे : हबच्या आतल्या बाजूला, बेअरिंगमागे, सील, आणि बाहेरच्या तोंडावर, हब व शाफ्टची फ्लॅंज यांच्या मध्ये, कागदी पॅकिंग आणि त्याच्या जोडीला रबरी ओ-रिंग.

त्यामुळे पहिला प्रश्न हा की तेल नेमके कुठल्या वाटेने बाहेर पडते. सील गळत असेल तर तेल ब्रेकच्या बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) उतरते आणि प्लेटच्या खालच्या कडेवरून टायरच्या आतल्या बाजूला ओघळते. पॅकिंग गळत असेल तर ते चाकाच्या बोल्टांभोवती आणि ड्रमच्या पुढच्या तोंडावर दिसू लागते. हबकॅप काढली की आत काळपट ओल सापडते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असल्याचेही मी अनेक गाड्यांवर पाहिले आहे. तिसरी शक्यता अशी की ते तेल नसून व्हील सिलिंडरमधून गळणारे ब्रेक फ्लुइडच आहे. ओळखणे अवघड नाही : बॅकप्लेटवरचा थेंब वाटीभर पाण्यात टाकावा. ब्रेक फ्लुइड पाण्यात विरघळून जाते, तर ॲक्सलचे तेल वर तरंगते आणि बोटावर चोळल्यास त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती न केल्यामुळे नाहक उघडले गेलेले हब कमी नाहीत.

यानंतर ब्रीदर. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी लहानशी सोय असते. साठ-पासष्ट वर्षांच्या धुळीने, आणि त्याहून अधिक वेळा चॅसिसला मारलेल्या काळ्या रंगाने, ती बुजून जाते. गाडी तासभर चालली की तेल आणि त्यावरची हवा तापते, हवेला फुगायला जागा मिळत नाही आणि ती सर्वांत कमजोर दाराने, म्हणजे सीलच्या ओठीखालून, तेलासह बाहेर पडते. लांबच्या प्रवासानंतर गळती वाढते आणि गावातल्या गावात फारशी दिसत नाही, असे आपल्या गाडीचे असेल तर ब्रीदरवरच पहिला संशय घ्यावा. तो काढून रॉकेलमध्ये भिजवावा, बारीक तारेने मोकळा करावा आणि तोंडाने फुंकून हवा आरपार जाते की नाही ते पाहावे.

पातळीचीही खात्री करावी. या ॲक्सलमध्ये एक लिटरपेक्षाही कमी तेल मावते, त्यामुळे ‘थोडे जास्त असू दे’ म्हणून ओतलेले पाव लिटरही खूप होते. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना भरणीचे बूच उघडावे, तेल छिद्राच्या खालच्या कडेला टेकलेले असावे, आणि जादा असेल तर ते आपोआप गळून थांबेपर्यंत बूच लावू नये. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि रस्त्याची ती कड सहसा उतरती असते. केवळ जादा तेल हेच कारण असते तर ओल बहुधा आधी डाव्या चाकाला दिसली असती. आपल्याकडे ती उजवीकडे आहे, म्हणून मला त्या हबमध्येच काहीतरी बिघडलेले असावे असे वाटते. गळती थांबावी म्हणून ९० ऐवजी १४० ग्रेडचे जाड तेल घालण्याची सवय पुष्कळ गॅरेजमध्ये आहे. तिने गळती काही दिवस मंदावते, एवढाच तिचा उपयोग. या ॲक्सलमधल्या हायपॉइड दातांना, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरप्या दातांना, ईपी (अतिदाब सहन करणाऱ्या) गुणधर्माचे ९० ग्रेडचे तेलच द्यावे.

आता प्रत्यक्ष काम. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावावी, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो आणि तो आपल्याला सोडून ठेवावा लागणार आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. मग जॅक लावून घोडी ॲक्सलच्या नळीखाली, पाट्यांच्या स्प्रिंगजवळ ठेवावी; नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये. ज्या बाजूचे काम आहे ती बाजू दुसरीपेक्षा चांगली उंच ठेवली तर तेल पलीकडे सरकते आणि शाफ्ट काढताना मांडीवर येत नाही. तेल जुने असेल तर ते आधीच काढून टाकणे उत्तम, कारण त्यात धातूचा कीस आहे का हेही त्यानिमित्ताने कळते.

ब्रेकचा ॲडजस्टर पूर्ण सैल केला की ड्रम दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूंवर राहतो. हे स्क्रू बहुधा जाम झालेले असतात. हातातल्या पेचकसाने त्यांची डोकी खराब करण्यापेक्षा हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, तोंडाने तर मुळीच फुंकू नये. त्या काळच्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. धूळ ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

शाफ्टची फ्लॅंज हबला एकाच स्क्रूने धरलेली असते. तो काढल्यावर फ्लॅंज आणि हब यांच्या फटीत दोन पातळ पट्ट्या समोरासमोर घालून हळूहळू उचकटावे. एकाच बाजूने छन्नी ठोकली की तोंडावर ओरखडा उठतो आणि पुढे नेमकी तिथूनच तेलाची वाट तयार होते. शाफ्ट बाहेर आला की टोकाच्या दातांवर उजेड धरून पाहावे. दाते सरळ रेषेत न दिसता पीळ पडल्यासारखे दिसत असतील तर तो शाफ्ट कधीतरी रस्त्यात तुटणार आहे, तो पुन्हा घालू नये. शाफ्ट चांगला असल्यास ज्या बाजूचा त्याच बाजूला जाईल अशी खूण करावी, कारण दात एका दिशेने रुळलेले असतात.

मग हबचा मोठा नट दिसतो. त्याच्या वॉशरची दुमडलेली जीभ आधी सरळ करावी. उजव्या बाजूला आटे नेहमीचे सुलटे असतात, डाव्या बाजूला ते उलटे असतात. आपण दोन्ही बाजू उघडाल तेव्हा हे लक्षात ठेवावे, आणि जोर लावण्याआधी नटाबाहेर दिसणारे आटे कोणत्या दिशेला चढतात ते डोळ्यांनी पाहावे, कारण इतक्या वर्षांत कोणी काय बदलले असेल याचा भरवसा नसतो. नटावर छन्नीचे घाव दिसत असतील तर आधीच्या कारागिराकडे योग्य मापाचा पाना नव्हता, हे उघड आहे, आणि मग त्याने नट किती आवळला असेल याबद्दलही शंका घ्यावी. असा नट बदलावा. वॉशर तर प्रत्येक वेळी नवाच घालावा.

हब चाकाच्या बोल्टांवर बसणाऱ्या स्क्रू-पुलरने सरळ ओढून काढावा. मागून हातोडीचे ठोके मारून काढलेला हब वाकडा होऊ शकतो आणि बेअरिंग तर हमखास बिघडते. हबसोबत बेअरिंग आणि सील दोन्ही बाहेर येतात आणि ॲक्सलच्या नळीचे टोक मोकळे होते. माझ्या मते इथून पुढची पंधरा मिनिटे या कामातली सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि गॅरेजमध्ये नेमकी तीच वाचवली जातात.

नळीवर सीलची ओठी जिथे घासते तो पट्टा रॉकेलने स्वच्छ करून त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तिथे खाच पडलेली आहे. या रचनेत सील हबबरोबर फिरते आणि नळी स्थिर असते, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी होत नाही. बेअरिंग झिजले की गाडीच्या वजनाने नळी हबमध्ये किंचित खाली बसते. ओठी नळीच्या खालच्या अंगावर दाबली जाते आणि वरच्या अंगावर सैल पडते. खालच्या बाजूला खाच आणि वरची बाजू जवळजवळ कोरी दिसली, तर बेअरिंगकडेच बोट दाखवले गेले असे समजावे. ओरखडे हलके असतील तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून नळीच्या परिघाच्या दिशेने फिरवावा, लांबीच्या दिशेने कधीही नाही, कारण लांबीच्या दिशेची प्रत्येक रेघ तेलाला बाहेर नेणारी वाट ठरते. खाच खोल असेल तर दोन उपाय आहेत : सील हबमध्ये जागा असेल तितके थोडे वेगळ्या खोलीवर बसवून ओठी ताज्या पट्ट्यावर आणणे, किंवा नळीवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवणे. नळी लेथवर धरता येण्यासारखी नसल्यामुळे स्लीव्हचाच उपाय मला जास्त पसंत आहे.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन सुकवावे आणि हाताने सावकाश फिरवावे. हवेच्या नळीने गरगर फिरवण्याचा मोह टाळावा. कोरडे बेअरिंग त्याने क्षणात खराब होते. खरखर, अडखळ किंवा रिंगांवर खड्डे जाणवल्यास बदलावे. प्रामाणिकपणे सांगायचे तर एवढे उघडल्यावर बेअरिंग बदलून टाकणेच शहाणपणाचे, कारण नव्या सीलचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून आहे.

सील निवडताना जुन्या सीलवरचा छापील क्रमांक पाहून थांबू नये, कारण दोनदा बदललेल्या गाडीत ते सील मुळातच चुकीच्या मापाचे असू शकते. या गाडीची मापे इंचांत आहेत. बाजारात त्याच्या आसपासच्या मिलिमीटर मापाचे सील सहज मिळते, हाताला ते बरोबर बसल्यासारखेही वाटते, पण बाहेरच्या व्यासात थोडासा जरी फरक असला तरी तेल सीलच्या पाठीमागून, म्हणजे सील आणि हब यांच्या मधून झिरपते, आणि दोष मात्र ओठीला दिला जातो. म्हणून नळीचा व्यास आणि हबमधल्या खोबणीचा व्यास व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीने) मोजून घ्यावा. मापाचे नायट्राइल रबराचे सील कुठेही मिळाले तरी चालते, त्यासाठी परदेशी डब्याची गरज नाही. उलट जुन्या साठ्यातले, मूळ वेष्टनातले ‘अस्सल’ सील मी टाळतो. कपाटात पडून पडून त्याचे रबर कडक झालेले असते. ओठी दोन बोटांत दाबून पाहावी, ती लवचीकपणे परत यायला हवी. सीलची ओठी आणि तिची बारीक स्प्रिंग तेलाच्या दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे, तोंड करून बसवायची असते. ते उलटे बसवलेले मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की हे सांगणे अनावश्यक आहे असे मला वाटत नाही. बसवण्याआधी ओठीला तेल लावावे, आणि सपाट लाकडी ठोकळ्याने सील सगळीकडून सारखे आत घ्यावे.

बेअरिंग हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यावा. हब नळीवर चढवताना तो आतल्या रिंगवर द्यावा. दाब चुकीच्या रिंगवर दिला तर ठोक्याचा भार गोळ्यांवरून जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खड्डे पडून सुरू होते.

आता ज्या मुद्द्यावर मला आपल्या गाडीबाबत सर्वांत जास्त संशय आहे तो. बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला एक स्पेसर रिंग असते. बेअरिंग पूर्ण आत बसल्यावर या स्पेसरचे तोंड हबच्या तोंडापेक्षा, आणि तेही पॅकिंगची जाडी धरून, ०.००१ ते ०.००४ इंच, म्हणजे साधारण ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर, बाहेर आलेले असायला हवे. शाफ्टची फ्लॅंज आवळली की ती प्रथम स्पेसरला टेकते, बेअरिंगची बाहेरची रिंग हबमधल्या खांद्यावर घट्ट दाबून धरते आणि मगच पॅकिंगवर बसते. बेअरिंग हबमध्ये जागचे हलू नये म्हणून या ॲक्सलमध्ये जी पकड आहे ती हीच. आता कल्पना करा की बाहेरच्या तोंडातून थोडे तेल दिसले म्हणून कोणी जाड पुठ्ठ्याचे पॅकिंग कापून घातले, वर सिलिकॉनचा थर दिला. तेल काही दिवस थांबते. पण फ्लॅंज आता पॅकिंगवर आधी टेकते, स्पेसरला पोहोचतच नाही, आणि बेअरिंग हबमध्ये सुटे राहते. प्रत्येक वळणावर हब बारीकसा डोलतो, त्या डोलण्याने सीलची ओठी एका बाजूने उघडते, शाफ्टला वाक बसतो, फ्लॅंजचा स्क्रू सैल होतो. मग सील गळते, ते बदलले जाते, जाड पॅकिंग मात्र तेच राहते किंवा नवे आणखी जाड घातले जाते. दोनदा बदललेल्या सीलची कहाणी बहुधा अशीच असते.

म्हणून मूळ जाडीचे तयार पॅकिंग मागवावे; इंग्लंडहून काही आणायचेच असेल तर हे पॅकिंग आणि ओ-रिंग आणावी. बसवण्याआधी जुन्या पॅकिंगचा अवशेष पितळी पट्टीने पूर्ण खरवडावा, नवे पॅकिंग कोरडेच हबच्या तोंडावर ठेवावे, स्पेसरवर पोलादी पट्टी आडवी धरावी आणि तिच्या व पॅकिंगच्या मधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजावी. फट नसेल तर बेअरिंग पूर्ण आत गेलेले नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. आधी पॅकिंगची जाडी पाहावी, मग स्पेसर झिजलेला आहे का ते पाहावे. त्याउलट फट मर्यादेपेक्षा जास्त असेल तर फ्लॅंज पॅकिंग दाबणारच नाही आणि तेल बाहेर येईल. तेव्हा बेअरिंग खांद्याला टेकले आहे की नाही ते प्रथम तपासावे. सिलिकॉन इथे लावू नये. फारच वाटले तर न घट्ट होणाऱ्या जॉइंटिंग कंपाउंडचा पुसटसा हात फिरवावा, याहून अधिक नाही. ओ-रिंग खोबणीत बसली आहे, फ्लॅंजखाली चिमटली गेलेली नाही, याची खात्री करून मगच शाफ्ट पूर्ण आत ढकलावा.

तेलात भिजलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर भाजून परत घालू नयेत; वरून कोरडे दिसतात, पण पहिल्या उतारावर तापले की आतले तेल पुन्हा वर येते. लायनर दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढेल. ड्रम आणि बॅकप्लेट चकचकीत पुसावी, म्हणजे नंतर दिसणारी ओल नवी आहे की जुनी हा वाद राहणार नाही.

सगळे जोडल्यावर गाडी सपाटीवर उतरवून तेल पुन्हा पातळीला भरावे, कारण एका बाजूला उंच असताना पाहिलेली पातळी खोटी असते. ब्रेक जुळवून तीस-चाळीस किलोमीटर चालवावी आणि थांबल्या थांबल्या दोन्ही मागच्या हबांना हात लावून पाहावे. उजवा डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त तापला असेल तर एकतर ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग बसवताना बिघडले आहे. काही शे किलोमीटरनंतर ड्रम काढून बॅकप्लेटचा खालचा भाग पाहावा आणि फ्लॅंजचा स्क्रू पुन्हा एकदा तपासावा. डावी बाजू आज कोरडी असली तरी तिचेही पॅकिंग, ओ-रिंग, सील आणि वॉशर आताच मागवून ठेवावे. तिथे स्पेसरची फट किती आहे हे मोजून आपण कळवलेत, तर उजवीकडचे माप नेमके कुठे चुकले होते हेही ठरवता येईल.